कानात सांगायचं नाव

नव्या पेठेत कापडदुकानांची रांग संपते तिथून एक बोळ आत जातो. त्या बोळात मथुराबाईंची एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीला लावून पायमशीन, मशीनवर सदा मऊ कापडाचा ढीग. झबली, टोपडी, दुपटी त्या शिवतातच, पण मथुराबाईंचं नाव आहे ते कुंचीसाठी. बाळाच्या डोक्यावरून पाठीवर झूल यावी तशी ती कुंची. सोलापुरात बाळंतविडा घेऊन जाणारी बाई अजूनही कुंचीशिवाय पायरी चढत नाही. मथुराबाई त्या कुंचीच्या मागच्या झालरीवर बाळाचं नाव भरून देतात, म्हणून पुढच्या दुकानातून गिऱ्हाइकं थेट बोळात येतात.

त्यामुळे गावात कुणाचं काय नाव ठेवलं हे पालिकेच्या आधी मथुराबाईंना कळतं. एके काळी एकच नाव दहा घरांत असायचं. आंघोळीला हाक मारली की शेजारची तीन पोरं कपडे काढून हजर व्हायची. मग कुठल्याशा मालिकेतली सोशिक सून घराघरांत रडू लागली आणि त्या वर्षी जन्मलेल्या निम्म्या मुली तिच्या नावाच्या झाल्या. आणि आता मोबाइल आल्यापासून तर विचारू नका.

"आत्या, 'रेंजर' घाला," परवाच चन्नप्पा रिक्षावाले सांगून गेले. अक्कलकोटकडचा माणूस. आवाज रिक्षाच्या भोंग्यासारखा.

"रेंजर? पोरगं हाय का सायकल?"

"गेममधला हाय ओ तो. आमचा सिद्धराम दिवसभर तेच खेळत बसतो. आता पोराला त्याचंच नाव म्हणतोय."

"आणि तुमी काय म्हणालासा?"

"मी काय म्हणू? माझं नाव अज्जानं ठेवलं, तवा मला तरी कुणी विचारलं होतं?"

मथुराबाई हसल्या आणि निळ्या दोऱ्यानं 'रेंजर' भरायला घेतलं. शेवटच्या अक्षरापुढं जागा राहिली म्हणून एक चांदणी काढली. त्यांचं धोरण साधं होतं. नाव ठेवायचं ते आईबापांनी, टाके घालायचे ते आपण. जगात नाव ठेवणारे थोडे आणि नावं ठेवणारेच फार, त्यात आपली भर कशाला?

पण बोळात आणि आसपास त्यांना सगळे 'आत्या' म्हणतात ते काही कुंचीमुळे नव्हे. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ज्या घरात बाळाच्या बापाला बहीण नसते, त्या घरचं माणूस बारशाच्या आदल्या दिवशी मथुराबाईंच्या दारात उभं राहतं. मग त्या ठेवणीतली साडी नेसून जातात, पाळण्यात वाकतात, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' करतात आणि नाव सांगतात. आणि त्या वाकलेल्या असतानाच मागच्या साऱ्या बाया त्यांच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. ही रीतच. धपाटा जेवढा जोरात तेवढं नाव पक्कं, असं म्हणतात. साठी उलटून गेली तरी मथुराबाई ती पाठ पुढं करतात. "अर्ध्या पेठेची नावं माझ्या पाठीवरनं गेलीत," असं त्या म्हणतात, आणि त्यात अभिमान असतो.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. तो पुढच्याच कापडदुकानात होता. मूलबाळ झालं नाही. माणूस म्हणून आपलं असं एकच घर त्यांना उरलं, ते गावाच्या टोकाला जुळे सोलापूर भागात राहणाऱ्या भावाचं, आप्पांचं. आप्पा त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. मूळ गाव वळसंग, नोकरी सगळी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात, आणि निवृत्त झाल्यावर सोलापुरात दोन खोल्या बांधल्या त्यांनी. पंचमी, दिवाळी, भाऊबीज, आंब्याचा पहिला रस, मथुराबाईंचं सगळं काही तिथं. वहिनी, म्हणजे शकुंतला, जिवाला जीव देणाऱ्या. आप्पा मात्र बोलायला कडक. एकदा शब्द गेला की माघारी घेणार नाहीत, आणि एकदा अबोला धरला की दोन दिवाळ्या जातील. वळसंगच्या चुलतभावाशी त्यांनी तसा धरलेला सगळ्यांनी पाहिलाय.

त्या घरात यंदा पाळणा हलला. आप्पांचा एकुलता एक मुलगा अजिंक्य पुण्याला नोकरी करतो, शनिवार-रविवार येतो. त्याची बायको अंकिता कुर्डुवाडीची, तिची आई ती लहान असतानाच गेलेली. म्हणून पहिलं बाळंतपण असूनही सासरीच करायचं ठरलं. आणि पाचव्या महिन्यात डॉक्टरणीनं सांगितलं, पोरी, आता खाटेवरून उठायचं नाही. उठलीस तर बाळ हाती लागेल याचा भरवसा नाही.

चालती-बोलती, शाळेत मुलांना कंप्युटर शिकवणारी पोर. दोन दिवस उशी भिजवत पडली. तिसऱ्या दिवशी मथुराबाईंनी शिवणकामाची पिशवी उचलली आणि दुपारची सिटीबस धरली. मग रोजच. वहिनी कामं आवरून आडव्या व्हायच्या, आप्पा ओट्यावर पेपर घेऊन बसायचे आणि इकडे अंकिताच्या खाटेशी पाटावर बसून मथुराबाई हातशिलाई करायच्या.

अंकिता मोबाइलवर एक मालिका बघायची. परदेशातली, पण बोलायची हिंदीत. मालिकेचं नाव मथुराबाईंना काही शेवटपर्यंत धड घेता आलं नाही. पण गोष्ट कळली. सगळीकडे बर्फ झालेला समुद्र, त्यात एक मोडकं जहाज, जहाजावर म्हातारीकोतारी आणि लेकरं, आणि ते जहाज चालवणारी एक काटकुळी मुलगी. तिचं नाव तिओरा.

आधी मथुराबाई नुसतं ऐकायच्या. मग बघता बघता सुई बोटाला टोचायला लागली.

"अगं, बुडती का काय ती पोरगी?"

"थांबा ना आत्या, बघू."

"थांबा काय! तू आधीच बघून ठिवलं असशील की. सांग की मेले."

"नाही हो, देवाशप्पथ. मीपण तुमच्याबरोबरच बघतेय."

तिओरा काही बुडाली नाही. रोज वाटायचं आता हिचं काही खरं नाही, आणि रोज ती कसंबसं जहाज पुढं रेटायची. अंकिताच्या पोटात दुखायला लागलं की ती डोळे मिटून पडायची आणि म्हणायची, "आत्या, आज बर्फ फार आहे." मथुराबाई तिच्या कपाळावर हात ठेवायच्या. "असू दे बर्फ. जहाज हाय न्हवं शाबूत?" असं करत दिवस गेले. मालिका संपली, अंकितानं पुन्हा पहिल्यापासून लावली, दोघींनी पुन्हा पाहिली. आणि एका सकाळी मुलगी झाली. वजनानं जरा कमी, पण आवाज असा की बाहेर बाकावर बसलेले आप्पा दचकून उठले.

"तिओरा आली," अंकिता ग्लानीत म्हणाली. अजिंक्य हसला, त्यालाही ते आधीपासून ठाऊक होतं. मथुराबाईंनाही ते नाव नवं वाटलं नाही. पाच महिने त्या खोलीत तेच तर नाव होतं.

बारसं सव्वा महिन्यानं धरलं. आठवडा राहिला असताना आप्पांनी बहिणीला ओट्यावर बोलावलं. हातातला पेपर चौघडी घालून मांडीखाली ठेवला. महत्त्वाचं बोलायचं असलं की ते असंच करत.

"मथे, पोरीचं नाव शिवानी ठिवायचं. वळसंगला चालतंय, पुण्याला चालतंय. कुणाच्या तोंडात अडकत न्हाई."

"पर आप्पा, त्या दोघांनी..."

"ठाव हाय मला त्यांनी काय काढलंय ते. मोबाइलमधलं. मी सांगून बघितलं, ऐकत न्हाईत. आता भांडत बसू का लेकराबरोबर? आत्या तू हायस. अजिंक्यला बहीण न्हाई, तवा मान तुझा. तू पाळण्यात वाकून शिवानी म्हण. एकदा चारचौघांत आत्याच्या तोंडनं नाव गेलं की संपलं. मग कोण काय बोलतंय?"

मथुराबाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बरं."

चहा घेऊन त्या आत गेल्या तर अंकिता बाळाला पाजत होती. "आत्या, आप्पा नाराज आहेत ना? पण तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही. तुम्हीच सांगणार ना तिच्या कानात? तिओरा?"

आणि मथुराबाई म्हणाल्या, "बरं."

परतीच्या बसमध्ये बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. एका तोंडानं दोन नावं कबूल केली. आयुष्यभर कुणालाही नाही म्हणायची सवयच नव्हती. दुकानदार म्हणाला, दिवाळीच्या आत पन्नास कुंच्या, तर बरं. सासूबाई म्हणाल्या, माहेरी चारच दिवस, तर बरं. आजवर त्याचा फटका बसला तो त्यांना स्वतःलाच. या खेपेला मात्र कुणाच्या तरी तोंडचा घास काढून घ्यायचा होता. दोन्ही नावं सांगून टाकावीत का? पाळण्यातलं एक, व्यवहारातलं एक, अशी सोय रीतीत होती. पण त्यांना आप्पा पक्के ठाऊक. दोन नावं सांगितली तर त्यातलं जे आप्पांचं तेच घरात राहील, आणि पोरीच्या आईच्या तोंडी उरेल ते चोरून घ्यायचं नाव.

आणि चोरून घ्यायचं नाव काय असतं हे मथुराबाईंना कुणी सांगायला नको होतं.

मथुराबाई ही मुळात मथुराबाई नव्हतीच. वळसंगला दादांच्या, म्हणजे तिच्या शेतकरी वडिलांच्या घरात जन्मलेल्या या मुलीचं नाव होतं ग्लोरिया. साठ-बासष्ट वर्षांपूर्वी, वळसंगला! सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता, त्यात घोड्यावर उभं राहून चाबूक फिरवणारी सर्कशीतली एक बाई होती, तिचं हे नाव. गावाला ते काही पेललं नाही. गावानं त्याचं गुलोरी केलं आणि घरानं गुली. पण शाळेत मास्तर हजेरी घेताना 'ग्लोरिया' असं जरा थांबून, चष्मा सावरून म्हणायचे, तेव्हा तिला उगाच उंच झाल्यासारखं वाटायचं.

अठराव्या वर्षी लग्न झालं. मांडवात ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवीन नाव लिहिलं, मथुरा. सुनेचं नाव बदलायची रीत तेव्हा सगळीकडेच होती, पण भटजींनी जुनं नाव विचारलं आणि कुणीतरी मोठ्यानं ग्लोरिया म्हणालं, तसा सबंध मांडव हसला. वऱ्हाडातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या, घोड्यावरची का काय गं, म्हणाल्या. सासूबाईंनी विचारलं, "मथुरा आवडलं न्हवं?" आणि ती खाली मान घालून म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवसापासून माहेरच्यांनीही तिला मथीच म्हणायला सुरुवात केली. तांदूळ शिजवून खाल्ले असतील कुणीतरी.

बारशाला तीन दिवस उरले तेव्हा मथुराबाई ठरवून सकाळीच आप्पांकडे गेल्या. आप्पा अंगणात अजिंक्यच्या वेळचा लाकडी पाळणा उलटा घालून बसले होते. कड्यांना तेल, दांडीला पॉलिश. रेल्वेतला हात, एकही स्क्रू सैल राहू देणार नाही.

"आप्पा, मला बोलायचंय."

"बोल की. ते फडकं दे आधी."

त्यांनी फडकं दिलं. "मी शिवानी सांगणार न्हाई."

आप्पांचा हात थांबला. "परवा तर बरं म्हणालीस."

"म्हणाले. चुकलं माझं. तिलाबी बरं म्हणाले, तुलाबी म्हणाले. तुला आज सांगाय आले, मागनं तोंडघशी पाडायचं नव्हतं मला."

"म्हंजे ते सिनेमातलं नाव सांगणार तू. शहाणी हायस का? लोकं हसतील पोरीला."

"हसू देत."

"हसू देत?" आप्पांनी पाळणा सरळ केला. तो थाडकन आवाज करून फरशीवर बसला. "तुला काय ठाव, हसणं काय असतंय? तुज्या मांडवात तू मान खाली घालून बसलीस. मी उभा होतो. समोर. नवरदेवाचा कान पिळायला भाऊ म्हणून मला उभं केलं होतं. सगळी माणसं हसताना मी बघितली. आणि ते नाव कुणी ठिवलं होतं, ठाव हाय?"

"दादांनी."

"दादांनी न्हाई. मी."

मथुराबाई पाळण्याच्या कठड्याला धरून खाली बसल्या.

"आठ वर्साचा होतो," आप्पा फडक्याकडे बघत म्हणाले. "गड्ड्यात दादांच्या खांद्यावर बसून तो सिनेमा बघितला. तू झालीस तवा हट्ट धरला, हेच नाव. दोन दिवस जेवलो न्हाई. आपल्या आत्याला म्हणता येईना, मी शिकवलं तिला. आणि मग त्या दिवशी मांडवात... मला वाटलं, माझ्या खुळेपणापायी माझ्या बहिणीचं चारचौघांत हसं झालं. तवाच ठरवलं, आपल्या घरात असलं नाव पुन्यांदा न्हाई. अजिंक्यचं नाव किती सरळ हाय बघ. म्हणून सांगतो, शिवानी म्हण."

आतून बाळ कुरकुरलं, वहिनींचा 'आले गं बाय' ऐकू आला.

"आप्पा," मथुराबाई म्हणाल्या, "माणसं हसली त्याचं मला काय वाटलं नव्हतं."

"कसं वाटलं नव्हतं?"

"खरं सांगते. हसणं काय, मांडवातल्या बाया कशालाबी हसतात. नवऱ्याचे कान मोठे होते त्यालाबी हसल्या होत्या. पर दुसऱ्या दिवशी तू घ्यायला आलास आणि 'मथे, चल' म्हणालास. ते लागलं मला. सासरच्यांनी बदललं, त्यांचं घर, त्यांची रीत. तुमी का सोडलंत?"

आप्पांनी फडकं पाळण्यावर आपटलं. "मी काय वंगाळ केलं? तुला सोपं जावं म्हणून केलं. आणि तूच बरं म्हणाली होतीस ताटापुढं!"

"व्हय. म्हणून आज म्हणत न्हाई."

"मग ऐक." आप्पा उठले. "माझं न ऐकता नाव सांगायचं असंल तर तू येऊच नको. नाव सांगायला शेजारची पायल हाय. बाई पायजे, मिळंल."

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. "अहो, काय बोलताय?" म्हणेपर्यंत मथुराबाईंनी पिशवी उचलली होती. त्यांनी अंकिताचा निरोप घेतला नाही की बाळाला पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय निघाला नसता.

घरी येऊन त्यांनी मशीन चालवलं. हात चालत होते, डोकं एकाच जागी. भावाचं घर गेलं. आता पंचमीला बांगड्या कुठं भरायच्या? भाऊबीजेला ओवाळणीचं ताट कुणापुढं धरायचं? साठीच्या पुढं बाईचं माहेर तुटलं तर ते पुन्हा जोडायला आई नसते. आपण एका मोबाइलमधल्या नावापायी हे करून बसलो का? दोनदा त्या उठल्या, फोन लावावा, म्हणावं, आप्पा, येते, म्हणते शिवानी. दोनदा परत बसल्या. डोळ्यांपुढं अंकिता यायची, घामाघूम, बर्फ फार आहे म्हणणारी. त्या पोरीनं उभ्या जन्मात मागून घेतलेली ही एकच गोष्ट.

बारशाचा दिवस उजाडला. मथुराबाईंनी आंघोळ केली, देवापुढं दिवा लावला आणि साधीच साडी नेसून खिडकीशी बसल्या. काही खाल्लं नाही, इच्छा नव्हती. दहा वाजता अजिंक्यचा फोन आला. "आत्या, निघालीस ना?"

"न्हाई रे. बाबाला विचार."

"मला सगळं कळलंय. मी येतो न्यायला."

"तू येऊ नको. तुझ्या बापानं येऊ नको म्हटलंय, तू नेलंस तर दोघांचं वाकडं व्हईल. पायल सांगंल नाव. तिला तुमचं ठरलेलं सांगा, झालं."

तिकडं जुळे सोलापुरात काय चाललं होतं ते त्यांना मागाहून वहिनींकडून कळलं. अंगणात मांडव, वळसंगची माणसं येऊन बसलेली, घुगऱ्या शिजून तयार, पाळण्याला फुलांच्या माळा. पायल बिचारी नटून आलेली. पाच सवाष्णी पाळण्याभोवती उभ्या राहिल्या, आणि अंकिता खोलीतून बाहेरच आली नाही. ती बाळाला मांडीवर घेऊन बसून राहिली. रडली नाही, आवाज चढवला नाही. आप्पा दारात गेले तेव्हा म्हणाली, "आप्पा, नाव कुठलं ते नंतर बघू. पण पाच महिने माझ्या उशाशी जी बसली ती आत्या आल्याशिवाय मी हिला पाळण्यात घालणार नाही. आज नाही तर पुढच्या महिन्यात करू."

"माणसं जमलीत, पोरी."

"जेवू घाला त्यांना."

सून आवाज न चढवता बोलली की सासऱ्याला काही करता येत नाही. आप्पांनी दोन फेऱ्या मारल्या. वहिनींकडे पाहिलं, तर त्या घुगऱ्यांत मीठ बघत होत्या आणि मुद्दाम वर बघत नव्हत्या. शेवटी त्यांनी टोपी घातली आणि स्कूटर काढली.

बोळात स्कूटरचा आवाज आला तेव्हा मथुराबाई दोरा ओवत होत्या. दारात आप्पा. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. आत आले नाहीत.

"चल."

चाळीस वर्षं मथुराबाई 'चल' म्हटलं की उठत आल्या होत्या. पाय उठायला निघाले सुद्धा. त्यांनी मशीनच्या कडेला धरलं.

"कुठलं नाव सांगायचंय?"

"चल म्हणतो की. माणसं खोळंबलीत."

"नाव ठरल्याबिगर येत न्हाई, आप्पा. पाळण्यात वाकून तुला फसवायचं न्हाई मला. आणि तिलाबी न्हाई."

आप्पांनी बोळाकडे बघितलं. समोरच्या ओट्यावर दोन बाया लसूण सोलत होत्या, त्यांचे हात थांबले होते. आप्पांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी पुन्हा घातली.

"तुजं तू सांग," ते म्हणाले. "मी मधी येत न्हाई. पर मला आवडलं, असं म्हणायला सांगू नको."

"न्हाई सांगत."

"मग साडी बदल. ही काय बारशाची साडी हाय?"

दोघं स्कूटरवरून निघाले. सात रस्त्याला सिग्नल लागला, आप्पांनी मागं न बघता विचारलं, "धरून बसलीस न्हवं?" तेवढंच.

मथुराबाई मांडवात शिरल्या तशी अंकिता बाळाला घेऊन बाहेर आली. तिनं बाळ त्यांच्या हातात दिलं. गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत वरवंटा पाळण्याखालून वरून फिरला. बाळ पाळण्यात गेलं. मथुराबाई वाकल्या. दुधाचा, वेखंडाचा वास. बाळानं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मागं वहिनी, पायल, वळसंगच्या बाया, सगळ्यांचे हात उगारलेले.

"कुर्रर्र... तिओरा!"

पाठीत धपाधप धपाटे बसले. वहिनींचा सगळ्यांत जोरात होता.

त्या सरळ झाल्या. मग वळसंगच्या चुलतीनं कानाला हात लावून विचारलं, "काय म्हनली? काय नाव म्हनली?" पलीकडून एकजण म्हणाली, "इंजेक्शनचं नाव वाटतंय बाई!" आणि मांडव हसला. पदर तोंडाला गेले. मथुराबाईंना अंकिताचा चेहरा उतरलेला दिसला. आणि मग त्यांनी आप्पांकडे बघितलं.

आप्पा घुगऱ्यांचं पातेलं आणि पळी घेऊन मांडवाच्या टोकाला उभे होते. सगळ्यांची तोंडं बघत होते. मथुराबाईंना वाटलं, आता हा पातेलं खाली ठेवून घरात निघून जाणार. आप्पा हलले, पण ते आले मांडवाच्या मधोमध. चुलतीच्या पुढ्यात वाकून त्यांनी तिच्या ओंजळीत पळीभर घुगऱ्या घातल्या.

"काकी, तिओरा," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच कडक. "ती-ओ-रा. जहाज चालवणारी बाई हाय ती, बर्फातनं. आमच्या सुनेनं पाच महिने खाटेवर काढून ही पोर आणलीया, तवा नाव तिचंच. म्हणा बघू."

"मला न्हाई बाबा येत."

"येतंय की. दात न्हाईत तरी येतंय. म्हणा."

"तिवरा," चुलती म्हणाली.

"जवळ आलं," आप्पा म्हणाले आणि पुढच्या ओंजळीकडे वळले. तिथंही त्यांनी घुगऱ्या घालताना नाव सांगितलं, आणि त्याच्या पुढंही. इंजेक्शन म्हणणाऱ्या बाईला जरा जास्तच ठासून. हसणं थांबलं असं नाही. पण आता सगळ्या नाव घोळवून घोळवून म्हणून बघत होत्या आणि स्वतःच्याच जिभेला हसत होत्या. हसू वेगळं होतं. अंकिता डोळे पुसत अजिंक्यला काहीतरी सांगत होती.

पंगत बसायची वेळ आली. मथुराबाई नेहमीप्रमाणे पदर खोचून वाढायला निघाल्या. आप्पांनी समोरून जाताना बहिणीच्या हातातली पळी काढून घेतली आणि बायकोला हाक मारली.

"अगं, हिला पहिल्या पंगतीत बसव. आज आत्याचा मान हाय. आणि सकाळधरनं पोटात काय नसंल हिच्या, मला ठाव हाय."

मथुराबाई पहिल्या पाटावर बसल्या. आप्पांनीच त्यांच्या पानात शिरा वाढला, नको म्हणेपर्यंत वाढला आणि नको म्हटल्यावर आणखी एक डाव घातला.